वास आहे

कोळेकर बाईंनी बाटली उलटी केली आणि माझ्या चष्म्यासमोर धरली.

"बघा. बुडबुडा नाही."

खरंच नव्हता. तपकिरी काचेची बाटली काठोकाठ भरलेली होती आणि झाकणाभोवती त्यांनी स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली होती. आठ दिवसांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा कॉफीच्या रिकाम्या बरणीत अर्धं पाणी घेऊन आल्या होत्या. ते तपासून उपयोग नव्हता. जे शोधायचं ते उडून जाणारं होतं, बरणीतल्या रिकाम्या जागेत निघून गेलं असतं. मी त्यांना आमच्याकडच्या दोन बाटल्या दिल्या आणि टेबलाकडे बघत सांगितलं की बाटली बादलीत पूर्ण बुडवायची, पाण्याखालीच झाकण लावायचं आणि मग उलटी करून बघायची. असं मी कितीतरी जणांना सांगितलं होतं. ते मान हलवायचे आणि आपल्या पद्धतीनं भरून आणायचे. सांगितलं तसं करून आणणारं माणूस मला नोकरीत पहिल्यांदाच भेटत होतं.

"एसटीत दोन तास मांडीवर धरून आणली," बाई म्हणाल्या. "शेजारची म्हणाली, तूप आहे का? म्हटलं, आमच्या विहिरीचं अत्तर आहे."

मी हसलो नाही. हसायचं असतं हे मला नेहमी उशिरा कळतं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. जिल्ह्याच्या गावी पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा होती, तिथे मी रसायनतज्ज्ञ होतो. कोळेकर बाई भोकरमळ्याच्या चौथीपर्यंतच्या शाळेत एकट्याच शिक्षिका. वय पंचेचाळीसच्या आसपास. पाठीमागे कोणी नव्हतं, वस्तीतच एक खोली घेऊन अकरा वर्षं राहत होत्या. भोकरमळा म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या मागच्या कुंपणाला लागून असलेली तीस-पस्तीस घरं, आणि सगळ्यांना मिळून एक विहीर. दसऱ्यापासून त्या विहिरीच्या पाण्याला गोडसर वास येऊ लागला होता. त्याआधीपासून पाण्यात काही असेल, तर ते कळलं नव्हतं.

बाईंना हवा होता एक कागद. पाणी पिण्यायोग्य नाही, एवढं त्यावर लिहिलेलं हवं होतं. अहवालाशिवाय विहीर बंद होत नव्हती आणि विहीर बंद झाल्याशिवाय टँकर मंजूर होत नव्हता. दुसरं पाणी दोन मैलांवर होतं. बायका म्हणत, सरकारनं वाईट म्हटलंय का? मग कशाला पाय मोडून घ्यायचे?

फडक्याची पट्टी सोडताना बाईंच्या हाताच्या आतल्या बाजूला बंद्या रुपयाएवढा काळानिळा डाग दिसला. माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं असावं.

"कुठे आपटलं आठवत नाही," त्या म्हणाल्या. "हल्ली जरा कुठे लागलं की उमटतं."

तो शनिवार होता, सकाळची शाळा करून त्या आल्या होत्या. यंत्र सोमवारी मोकळं होणार होतं. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

आमच्या यंत्राबद्दल थोडं सांगावं लागेल. पाण्यात काय आहे आणि किती आहे हे ते स्वतःहून ओळखत नाही. आधी त्याला ओळखीचं माप दाखवावं लागतं. बेंझीन, म्हणजे कारखान्यांत वापरलं जाणारं गोडसर वासाचं रसायन, शोधायचं तर शुद्ध बेंझीनचं ठराविक मापाचं द्रावण आधी आत सोडायचं. कागदावर एक शिखर उमटतं. मग नमुना सोडायचा आणि त्याच्या शिखराची उंची पहिल्याशी ताडून बघायची. त्या मापाला आम्ही स्टँडर्ड म्हणायचो. ते सीलबंद काचेच्या कुपीतून यायचं, सोबत प्रमाणपत्र असायचं आणि वर कवटीचं चित्र. विष मोजायला तेच विष लागतं. कुपीची मान एकदा मोडली की त्याच दिवशी वापरून टाकायची, असं प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नवी कुपी मागवायची तर मागणीपत्र वर जाऊन परत खाली यायला तीन-चार महिने लागत. म्हणून आमच्याकडे रिवाज पडला होता. मोडलेल्या कुपीतलं उरलेलं स्टँडर्ड छोट्या बाटलीत ओतायचं, घट्ट झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. हा रिवाज मीच पाडला होता. साहेबांनी त्याबद्दल माझं एकदा कौतुकही केलं होतं.

कधी काही बिघडलं नाही, कारण तोवर आलेल्या प्रत्येक नमुन्याचं उत्तर शून्य होतं. शून्य कुठल्याही मापानं मोजलं तरी शून्यच.

सोमवारी बाईंच्या नमुन्याचं शिखर कागदाच्या बाहेर गेलं. पाणी शंभरपट पातळ करून पुन्हा सोडलं, तेव्हा ते कागदात मावलं. हिशेब केला तर लिटरमागे पाच पूर्णांक दोन मिलिग्रॅम. मर्यादा होती एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. म्हणजे पाचशे वीस पट.

मी फ्रिज उघडून स्टँडर्डची बाटली बाहेर काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. चिकटपट्टी एका कडेला सुटली होती. आतला द्रव पूर्वी गळ्यापर्यंत होता, तो आता खांद्याच्याही खाली दिसत होता.

सात महिन्यांत त्यातलं बेंझीन उडालं असणार. किती, ते सांगता येत नव्हतं. वाण्याचं किलोचं वजन झिजून हलकं झालं की त्यानं तोललेली थोडी साखरही किलोभर भरते, तसं. नमुना खरा होता त्याहून जास्त दिसत होता. दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. बाईंची बाटली दोन दिवस त्याच फ्रिजमध्ये, त्याच गळक्या बाटलीशेजारी होती. कदाचित बेंझीन भोकरमळ्याच्या विहिरीतून आलंच नसेल. आमच्याच फ्रिजमधून आलं असेल.

ही भीती माझ्या मनात उगाच आली नाही. तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या नळाच्या पाण्यात मला शिसं सापडलं होतं. मी अहवाल दिला, गावाचं पाणी दोन दिवस बंद राहिलं, माणसं मोर्चा घेऊन आली. नंतर निघालं की शिसं आमच्याच प्रयोगशाळेच्या जुन्या नळातलं होतं, मी त्या पाण्यानं भांडी विसळली होती. जिल्ह्याच्या बैठकीत कोणीतरी माझ्या आडनावावरून 'दाबक्यांचं शिसं' म्हणालं आणि सगळी बैठक हसली. त्यानंतर मी कुठेही गेलो की मागून ते ऐकू यायचं. खरोखर कोणी म्हणायचं की मलाच ऐकू यायचं, हे आजही सांगता येणार नाही.

मी कागद घेऊन शिरगुप्पे साहेबांकडे गेलो. ते आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ. मोठ्या आवाजाचा, पान खाणारा, सरळ माणूस. त्यांनी आकडा पाहिला आणि पानाचा तोबरा एका गालात सरकवला.

"पाचशे वीस पट? आणि माणसं हे पितात?"

"हो."

त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. "टाईप करून आणा. आत्ता सही करतो. संध्याकाळपर्यंत विहिरीला कुलूप लागेल." मग माझ्याकडे बघून थांबले. "तुमची खात्री आहे ना, दाबके?"

मी स्टँडर्डचं सांगितलं. फ्रिजचं सांगितलं.

"म्हणजे कमी असेल? निम्मं असेल?"

"निम्मं असेल. किंवा काहीच नसेल."

"मला हो की नाही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी सही करतो, बाकी बघून घेईन."

पेन त्यांच्या हातात उघडं होतं. पंखा फिरत होता आणि टेबलावरचा माझा कागद त्यांनी एका बोटानं दाबून धरला होता.

"खात्री नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. नव्या स्टँडर्डची मागणी करा म्हणाले, पुन्हा नमुना आणा म्हणाले. रागावले नाहीत. "बरं झालं बोललात," असंच काहीतरी म्हणाले. मी बाहेर आलो तेव्हा मला खरोखर हलकं वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी बाई आल्या. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, स्टँडर्ड, झिजलेलं वजन, फ्रिज, ते शिसंसुद्धा. त्यांनी वर्गात फळ्यासमोर बसल्यासारखं नीट ऐकून घेतलं. दोन ठिकाणी प्रश्न विचारले. दोन्ही योग्य ठिकाणी होते.

"म्हणजे पिऊ की नको?" शेवटी त्या म्हणाल्या.

"ते मला लिहून देता येणार नाही."

"लिहून नका देऊ. तोंडी सांगा."

"जमलं तर... दुसरीकडून आणा."

"जमलं तर," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक शाळेची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, शंभरपानी. "माझ्यापुरतं जमवीन हो. पण तीस घरांना 'जमलं तर' काय सांगू? त्यांना कागद लागतो. म्हणून मी हे दसऱ्यापासून सुरू केलंय. बघा, तुमच्या उपयोगाचं आहे का."

वहीत रोजची एक ओळ होती. तारीख. हजर किती. सर्दी किती. वास किती जणांना आला. शाळेत एकवीस मुलं होती. रोज सकाळी प्रार्थनेनंतर विहिरीची ताजी बादली मध्ये ठेवायची, एकेकानं वाकून वास घ्यायचा आणि बाईंच्या कानात सांगायचं. कानात, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा म्हणणार नाही. सर्दी झालेली मुलं वेगळी धरलेली. 'हजर १९, सर्दी ३, वास आला १६.' 'हजर २०, सर्दी २, वास आला १८.' पानामागून पान असंच.

"सर्दी तुम्हाला कशी सुचली?" मी विचारलं.

"नाक चोंदलेलं असलं तर त्याचं उत्तर कसं धरायचं?" बाईंना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. "ठेवू का वही इथे?"

मी म्हणालो, शाळेची वही आहे, असू द्या. वासाला माप नसतं. अहवालात वास चालत नाही. हे मी अगदी हळू आवाजात म्हणालो. त्यांनी वही पिशवीत घातली. आणखी एक सांगायचं म्हणून त्या दारातून परत वळल्या. बायका आता रात्री हंडे उघडे ठेवतात म्हणे. घरभर वास सुटतो, पण सकाळपर्यंत पाणी चांगलं होतं. हे बरोबर आहे ना?

"पाण्यातून जातं ते," मी म्हणालो.

ते कुठे जातं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसरा नमुना घ्यायला मी स्वतः गेलो. बर्फाची पेटी बरोबर नेली, म्हणजे बाटली फ्रिजमध्ये ठेवायला नको. विहीर शाळेच्या पाठीमागे होती आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर वसाहतीचं काटेरी कुंपण. त्यापलीकडे बंद पडलेला एक कारखाना, पत्रे उडालेले. रहाटावर तानूबाई नावाची म्हातारी होती. तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"ह्योच का त्यो पान्याचा डाक्टर? एवढा वाळल्याला?" तिनं बाईंना विचारलं. मग मला म्हणाली, "सायेब, आमच्या हिरीला काय झालंय सांगा की. पोरं म्हनत्यात अत्तर सांडलंय. आन् अत्तर सांडायला हितं कोन राजा आलाय?"

बादली वर आली. मी वाकलो आणि बाटली बुडवण्याआधी क्षणभर थांबलो.

"येतो ना?" बाईंनी विचारलं.

"थोडासा."

"थोडासा म्हणजे येतो." त्यांनी मागे वळून दाराशी जमलेल्या मुलांना सांगितलं, "साहेबांनाही आला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या ओळीत एकाची भर घालू का, असं एका मुलीनं विचारलं. बाई म्हणाल्या, नको, साहेब आपल्या पटावर नाहीत.

निघताना बाईंनी लोटीभर पाणी पुढे केलं. ते दोन मैलांवरून आणलेलं होतं, त्यांनी मुद्दाम सांगितलं. लोटी धरलेल्या हातावर आता तीन डाग होते. मी डागांकडे पाहिलं आणि पाणी प्यालो.

दुसऱ्या नमुन्याचंही शिखर उमटलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. मला पुस्तकांत शोधायची सवय आहे, माणसांना विचारण्यापेक्षा ते सोपं जातं. हवं ते पान सापडलं, ते दोनदा वाचलं, एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं आणि पुस्तक मिटलं.

त्यानंतर मी शिरगुप्पे साहेबांच्या खोलीशी तीनदा गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा त्यांच्याकडे कोणी बसलं होतं. तिसऱ्यांदा ते एकटे होते, पान लावत होते. मी आत गेलो.

"काय, दाबके?"

मी काय बोलायला गेलो होतो ते माझ्या ओठांवर होतं. मग मला वाटलं, महिन्यापूर्वी याच माणसासमोर मी खात्री नाही म्हणालो, आता आहे कशी म्हणू? नवीन काय झालं, तर मी वास घेतला. बैठकीत हे सांगितलं तर?

"स्टँडर्डसाठी आठवणीचं पत्र पाठवावं का?" मी विचारलं.

"पाठवा की," साहेब म्हणाले. "हे विचारायला आलात?"

पत्र पाठवलं. पौष गेला. बाई दर शनिवारी येत राहिल्या. सुरुवातीला त्या बाकावर बसायच्या, वही उघडून आठवड्याच्या ओळी वाचून दाखवायच्या. नंतर नंतर जिना चढून आल्यावर बराच वेळ भिंतीला टेकून श्वास घेत. चेहरा पिठासारखा झाला होता. एकदा त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि तो घडी करून पिशवीत टाकताना मला लाल दिसलं. हिरड्यांतून येतं म्हणाल्या, दात काढायला हवा. आलं का तुमचं स्टँडर्ड?

मी नाही म्हणायचो. त्या म्हणायच्या, येईल. मलाच धीर द्यायच्या. नंतरच्या तीन शनिवारी त्या आल्या नाहीत. मला वाटलं, कंटाळल्या असतील. खरं तर मला बरं वाटलं.

माघ संपता संपता कुपी आली. मी हातमोजे घालून तिची मान मोडली. दोन्ही नमुने कधीच जुने झाले होते, म्हणून आदल्या दिवशी तिसरा नमुना मागवून ठेवला होता. यंत्र लावलं, शिखरं ताडली, तीनतीनदा हिशेब केला. लिटरमागे दोन पूर्णांक एक मिलिग्रॅम. दोनशे दहा पट. शिरगुप्पे साहेबांनी काही न विचारता सही केली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. बंद कारखान्याची जमिनीतली टाकी कित्येक वर्षं झिरपत होती, असं पुढे निघालं.

अहवालाची प्रत बाईंना स्वतः द्यावी म्हणून मी भोकरमळ्याला गेलो. शाळेत एक तरुण शिक्षक होते, तात्पुरते आलेले. बाई तीन आठवडे झाले शहरात मोठ्या दवाखान्यात आहेत, ते म्हणाले. रक्ताचं काहीतरी आहे. मग त्यांनी टेबलाच्या खणातून लाल पुठ्ठ्याची वही काढून माझ्याकडे दिली. "ही बाईंना द्याल का? मुलं रोज लिहीत होती, मी थांबवलं नाही."

दवाखान्यात बाई खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. मी आधी दुसऱ्याच खाटेशी जाऊन उभा राहिलो, इतक्या त्या ओळखू येत नव्हत्या.

"दाबके साहेब," त्यांनीच हाक मारली. "आलं?"

मी अहवाल दिला. त्यांनी तो छातीवर ठेवून आधी सही पाहिली, मग शिक्का, मग आकडा.

"दोनशे दहा पट. आणि पहिल्यांदा किती आलं होतं?"

"पाचशे वीस."

त्यांनी डोळे मिटून मनात वजाबाकी केली असावी. "म्हणजे निम्म्याहून जास्त चूक होती."

"हो."

"मग बरं झालं तुम्ही थांबलात," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा तुमचंच नाव झालं असतं. मी वस्तीतल्या बायकांना हेच सांगत होते. म्हटलं, तो माणूस खोटा आकडा देणार नाही. उशीर लागेल, पण देईल तो खरा देईल." मग त्या म्हणाल्या, "मी पोरांना उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर गुण देते. तुमचं तर दोन्ही बरोबर आलं."

त्या थट्टा करत नव्हत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे थट्टा नव्हती. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. खाटेच्या कडेला बसून सगळं सांगायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला, तो रिकामा होता, भरून आणून ठेवला.

"वही आणली आहे," मी म्हणालो.

"तुमच्याकडेच ठेवा. अहवालाला जोडा. वास चालत नाही माहीत आहे, पण जोडून ठेवा. पोरांनी मेहनत केली आहे."

कोळेकर बाई वैशाखात गेल्या. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं की हे त्या तीन महिन्यांतलं असेल का. ते म्हणाले, छे, हे वर्षानुवर्षांचं असतं, तीन महिन्यांनी काही होत नाही. मग म्हणाले, अर्थात, नक्की कोणीच सांगू शकणार नाही. हे दुसरं वाक्य मी इतकी वर्षं बाळगून आहे. कधी ते माझ्या बाजूनं उभं राहतं, कधी विरुद्ध. त्या एकवीस मुलांचं पुढे काय झालं हे मी विचारलेलं नाही. ती आता तिशीच्या पुढची असतील. म्हणजे जी असतील ती.

पुस्तक अजून कपाटात आहे आणि तिकीटही त्याच पानात आहे. ते पान मी शिरगुप्पे साहेबांना दाखवायला गेलो होतो, तीनदा. त्यावर एक साधा तक्ता आहे. कोणता पदार्थ पाण्यात किती असला म्हणजे माणसाच्या नाकाला कळतो, त्याचा. बेंझीनच्या पुढे लिहिलं आहे, लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम. त्याहून बरंच कमी असेल तर नाकाला पत्ता लागत नाही. वास आला याचा अर्थच मर्यादेच्या दोनशे पट. त्याला कुपी लागत नव्हती, यंत्र लागत नव्हतं. विहिरीवर वाकलो तेव्हाच मला आकडा मिळाला होता आणि बाईंकडे तर तो दसऱ्यापासून रोजच्या रोज लिहिलेला होता. आणि मी त्यांना म्हणालो होतो, वासाला माप नसतं.

वही मी अहवालाला जोडली नाही. धैर्य झालं नाही. ती माझ्याकडेच आहे. शेवटची काही पानं बाईंच्या अक्षरात नाहीत. बहुधा चौथीतल्या त्या मुलीच्या अक्षरात असतील, जिला माझी भर घालायची होती. रेघा पट्टीनं मारलेल्या आहेत आणि रीत बाईंचीच आहे. जाळी बसली त्याच्या आदल्या दिवसाची ओळ शेवटची आहे.

'आज पण बाई आल्या नाहीत. हजर १७. सर्दी २. वास आला १५.'